दुपारी चार वाजल्यानंतरचे व्हेनिस

इटलीतील व्हेनिस नगरपालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर ५ युरोंचे प्रवेशशुल्क बसवले. त्या वर्षी गर्दीचे २९ दिवस आधीच ठरवून जाहीर करण्यात आले. पुढच्या वर्षी ते ५४ झाले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी रक्कम दुप्पट झाली. या नियमाची चर्चा जगभर झाली, पण त्यातील एका बारीक तपशिलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शुल्काची वेळ होती सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चारनंतर शहरात पाऊल टाकणाऱ्याला एक पैही द्यावी लागत नव्हती.

म्हणजे पालिकेच्या लेखी गर्दी ही दिवसाची गोष्ट आहे. जाणकार प्रवासीही एकमेकांना हेच सांगतात: दिवसा सान मार्को चौकाकडे फिरकू नका, संध्याकाळी बाहेर पडा, आगगाड्या आणि बसगाड्या माणसे परत घेऊन गेल्या की शहर तुमचेच. सल्ला खरा आहे. मात्र ही शांत संध्याकाळ आकाशातून पडलेली नाही. ती पूर्वी कोणाची होती, कोणाला ती मिळत नव्हती आणि आज ती इतकी शांत का असते, हा या धाग्याचा विषय.

मराठी घराला व्हेनिस हे नाव वाटते तितके परके नाही. आजीच्या दागिन्यांतली पुतळ्यांची माळ आठवावी. व्हेनिसचे सोन्याचे नाणे, म्हणजे डुकाट, १२८४ पासून १७९७ पर्यंत जवळजवळ त्याच रूपात आणि त्याच कसाचे पाडले जात होते. एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज (प्रजासत्ताकाचा प्रमुख), दुसऱ्या बाजूस ख्रिस्त. नाण्यावरच्या या मानवी आकृतींमुळे पश्चिम भारतात त्याला ‘पुतळी’ म्हणू लागले. मिरी आणि मसाल्याच्या मोबदल्यात हे सोने पूर्वेकडे वाहत होते. देणाऱ्या शहराचा विसर पडला, नाण्याचे नाव तेवढे गळ्यात राहिले.

पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून भारताची वाट काढल्यावर हा व्यापार एका रात्रीत बुडाला नाही, पण त्याची मक्तेदारी गेली. १६६९ मध्ये दीर्घ युद्धानंतर क्रीट बेटही ऑटोमन सत्तेकडे गेले. दर्यावर्दी प्रजासत्ताकाला उत्पन्नाचा दुसरा मार्ग शोधणे भाग होते. तो सापडला संध्याकाळी.

१६३७ मध्ये सान कास्सियानो नाट्यगृहात तिकीट काढून कोणालाही ऑपेरा पाहता येऊ लागला. तोवर ऑपेरा ही राजवाड्यातली, निमंत्रितांसाठीची करमणूक होती. पुढच्याच वर्षी, १६३८ मध्ये, सान मोइझे येथील दांदोलो घराण्याच्या वाड्यात सरकारी परवानगीने ‘रिदोत्तो’ हे जुगारघर उघडले. जुगाराचे टेबल चालवण्याचा अधिकार सरदार घराण्यांतील पुरुषांना, विशेषतः दारिद्र्यात आलेल्या सरदारांना होता. त्यांनी उघड्या चेहऱ्याने बसायचे. बाकी सर्वांना मुखवटा सक्तीचा.

व्हेनिसचा मुखवटा म्हटले की आज दुकानातली पिसे आणि चमकी डोळ्यांपुढे येतात. अठराव्या शतकातील नेहमीचा मुखवटा, ‘बाऊता’, अगदी साधा आणि पांढरा होता. त्याचा खालचा भाग पुढे आलेला असे, त्यामुळे तो न काढता खाता-पिता येई आणि आवाजही बदलून जाई. ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत, नंतर लेंटच्या उपवासापर्यंत आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावर येशूच्या स्वर्गारोहणाच्या जत्रेत, असे वर्षातले जवळजवळ सहा महिने तो घालण्याची मुभा होती. मुखवट्याआड स्त्री असो वा पुरुष, सरदार असो वा शिंपी, अभिवादन एकच: ‘सिओरा मास्केरा’, म्हणजे ‘मुखवटेबाई’.

समतेचे हे चित्र मोहक आहे, पण त्याला फार भुलू नये. सरदारांना परकीय वकिलांशी बोलण्याची कायद्याने बंदी होती आणि शासनाचे हेर कॅफेपासून नाट्यगृहापर्यंत कान लावून बसलेले असत. ज्या राज्यात प्रत्येक भेटीची नोंद होऊ शकते, तेथे चेहरा झाकणे ही चैन उरत नाही. ती गरज होते. बाऊता गर्दीत जाण्यासाठी होता, तसाच गर्दीत राहून तिच्यापासून सुटण्यासाठीही.

पण संध्याकाळ पाहुण्यांना विकल्यावर शहरवासीयांनी स्वतःसाठी काय ठेवले? याचे उत्तर एका शब्दात आहे आणि तो शब्द मांडवीच्या पात्रातल्या तरंगत्या जहाजांनी गोव्यापर्यंत आणून सोडला आहे. ‘कासा’ म्हणजे घर, ‘काझिनो’ म्हणजे लहान घर. सान मार्कोच्या परिसरात दोन-चार खोल्यांची ही छोटी घरे भाड्याने घेण्याची पद्धत होती. कालव्याकाठच्या प्रचंड वाड्यात राहायचे म्हणजे नोकरचाकर, पूर्वजांची तैलचित्रे, शिष्टाचार. मोजक्या मित्रांबरोबर पत्ते, कॉफी, संगीत आणि गप्पा यांसाठी काझिनो सोयीचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस अशी शंभराहून अधिक घरे शहरात होती. काही विद्वानांची, काही निव्वळ जुगाऱ्यांची, काही स्त्रियांनी चालवलेली.

त्यांपैकी एलेना व्हेनियर या सरदारपत्नीचा काझिनो रिआल्तो आणि सान मार्को यांच्या मधल्या वाटेवर आजही उभा आहे. खालून दिवसभर माणसांची रीघ चाललेली असते. वर गिलाव्याची नक्षी, आरसे आणि संगमरवरी जमीन अजून शाबूत आहे. त्या जमिनीत एक लादी उचलता येते. तिच्याखालच्या भोकातून दारात कोण आले आहे ते वरूनच दिसे. नको असलेल्या माणसाला ‘बाईसाहेब घरी नाहीत’ असे सांगायला तेवढा अवधी पुरत असावा.

सरकारने १७७४ मध्ये रिदोत्तो बंद केले, कारण खेळणाऱ्यांत बुडणारी घराणी सरदारांचीच होती. जुगार थांबला नाही. तो मुकाट्याने या लहान घरांत गेला.

संध्याकाळ सर्वांना मिळत होती असेही नाही. १५१६ मध्ये प्रजासत्ताकाने शहरातील ज्यूंना कान्नारेजो भागातील एका बेटवजा वस्तीत राहण्याची सक्ती केली. ‘घेट्टो’ हा शब्द जगाला दिला तो याच वस्तीने. दिवसा तेथील लोक शहरभर कामधंद्याला जाऊ शकत. अंधार पडला की दोन्ही वेशी बंद होत आणि भोवतालच्या कालव्यांत गस्तीच्या होड्या फिरत. पहारेकरी ख्रिस्ती असत आणि त्यांचा पगार भरायचा तो कोंडलेल्यांनीच. रात्री बाहेर पडण्याची सवलत प्रामुख्याने वैद्यांना होती, कारण आजारी सरदाराला मध्यरात्री ज्यू वैद्य हवाच असे. जागेच्या टंचाईमुळे इमारती वर चढत गेल्या आणि मजल्यांची छते ठेंगणी होत गेली. जवळजवळ पावणेतीनशे वर्षे या वस्तीतल्या माणसाने उतरत्या संध्याकाळचे सान मार्को हक्काने पाहिले नाही. १७९७ मध्ये फ्रेंच सैन्य आले तेव्हा त्या वेशींची दारे उखडून चौकात जाळली गेली. प्रजासत्ताकाच्या अंताबद्दल हळहळणाऱ्या पुस्तकांत हा प्रसंग बहुधा ओझरता येतो. तो ओझरता नाही.

उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी. खाडीच्या दमट हवेत वाड्यातल्या खोल्या तापत आणि सारे शहर पाण्यावर येई. मोठ्या कालव्यात संध्याकाळी होड्यांची संथ वर्दळ सुरू होई. तिला ‘फ्रेस्को’, म्हणजे गारवा, म्हणत. कोठे पोहोचायचे नसे. वल्हे मारायचे, ओळखीच्या होडीशेजारी थांबायचे, बोलायचे, पुढे जायचे. जमिनीवर याचे भावंड म्हणजे ‘लिस्तॉन’: चौकातल्या फरसबंदीवरून पुन्हा पुन्हा त्याच फेऱ्या मारणे.

सप्टेंबर १७८६ च्या अखेरीस एक जर्मन प्रवासी येथे उतरला. वायमारच्या दरबारी कामाला कंटाळून जवळजवळ पळून आलेला, टोपणनावाने फिरणारा कवी गटे. त्याला एकांत हवा होता आणि तो ओळखीपाळखीच्या जगापासून दूर, अनोळखी माणसांच्या दाटीत मिळतो, असा त्याचा पहिल्याच दिवसाचा अनुभव. गर्दी टाळण्याचा हा उपाय आजच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही, पण त्याने व्हेनिसचे मर्म ओळखले होते.

व्हेनिसचे नावाडी रात्री तास्सोची काव्ये गातात अशी ख्याती त्याने ऐकली होती. एक गातो, दुरून दुसरा पुढचे कडवे उचलतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या एका रात्री तो हे गाणे ऐकायला निघाला. त्याच्या प्रवासवर्णनात येथे एक बारीकशी कबुली आहे: हे गाणे त्याला मुद्दाम सांगून ठरवावे लागले, कारण तोवर ते शहरातून जवळजवळ नाहीसे झाले होते. चांदणे होते. गोंडोलात एक गायक पुढे बसला, एक मागे. जवळून ऐकताना आवाज कर्कश वाटला. मग जुदेक्का बेटाच्या काठावर ते उतरले. दोघे गायक कालव्याच्या कडेने एकमेकांपासून दूर गेले आणि गटे त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालू लागला. ज्याची पाळी सुरू होई त्याच्यापासून दूर जायचे आणि नुकत्याच थांबलेल्याकडे वळायचे. तेव्हा कोठे त्याला त्या गाण्याचा अर्थ लागला: दूर असलेल्या कोणाला तरी हाक मारण्यासाठी ते रचलेले होते. त्याला रडू आवरेना.

बरोबरच्या वृद्ध सेवकाने त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. खरे गाणे ऐकायचे तर लिदोकडच्या, विशेषतः मालामोक्को आणि पेल्लेस्त्रिना येथील बायकांचे ऐकावे. त्यांचे नवरे मासेमारीला समुद्रात गेलेले असतात. संध्याकाळी त्या किनाऱ्यावर बसून मोठ्याने गातात आणि पाण्यावरून नवऱ्यांचे उत्तर येईपर्यंत गात राहतात.

म्हणजे प्रजासत्ताक जिवंत असतानाच, १७८६ मध्येच, शहराची संध्याकाळ दोन ठिकाणी विभागली गेली होती. एक पाहुण्यासाठी ठरवून गाइली जात होती, दुसरी काही मैलांवर कोणी ऐकत नसताना चालू होती. गटेचे मोठेपण असे की त्याने दोन्ही लिहून ठेवल्या.

पुढच्या अकरा वर्षांत सगळे आटोपले. १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या धाकाने महापरिषदेने स्वतःचेच विसर्जन केले. त्यानंतरचा मोठा काळ ऑस्ट्रियाच्या अमलाचा. दानिएले मानिनच्या नेतृत्वाखालचा १८४८-४९ चा उठाव मोडल्यावर व्हेनिसकरांनी हाती घेतलेले शस्त्र विलक्षण होते. त्यांनी संध्याकाळी बाहेर पडणे सोडले.

सान मार्को चौकात समोरासमोर दोन कॅफे आहेत: १७२० मध्ये उघडलेले फ्लोरियन आणि त्याच्यापुढचे क्वाद्री. ऑस्ट्रियन अधिकारी क्वाद्रीत बसत, म्हणून स्वाभिमानी व्हेनिसकर तेथे पाऊल ठेवीत नसत. चौकात ऑस्ट्रियन लष्करी बँड वाजू लागला की देशाभिमानी लोक चौक सोडून निघून जात आणि बँड थांबला की परत येत. १८६१ ते १८६५ या काळात तेथे अमेरिकेचा वाणिज्यदूत असलेल्या विल्यम डीन हॉवेल्सने हे तपशिलाने नोंदवले आहे. बँड उत्तम वाजत असे, असेही तो सांगतो. शहराचे लाडके फेनिचे नाट्यगृह १८५९ ते १८६६ बंदच राहिले. संगीतावर जीव टाकणाऱ्या शहराने सात वर्षे ऑपेरा नाकारला. गर्दी टाळणे हेही राजकारण असू शकते, याचे याहून नेमके उदाहरण युरोपच्या इतिहासात शोधावे लागेल.

दरम्यान १८४६ मध्ये खाडीवर रेल्वेचा पूल झाला: सुमारे साडेतीन किलोमीटर लांब, २२२ कमानींचा. हजार वर्षे होडीशिवाय न पोहोचता येणारे शहर आता वेळापत्रकात बसले. १९३३ मध्ये शेजारी मोटाररस्ताही आला. सकाळी येऊन सायंकाळी परतणारा पाहुणा, ज्याच्यावर आज शुल्क आहे, त्याचा जन्म या पुलांवरचा. १८८२ मध्येच हेन्री जेम्सने तक्रार केली होती की व्हेनिस म्हणजे एक अवाढव्य वस्तुसंग्रहालय झाले आहे आणि त्याचे छोटे फाटक अखंड करकरत फिरते आहे. त्याने हे रूपक म्हणून लिहिले. एप्रिल २०१८ मध्ये, लांबच्या सुट्टीच्या गर्दीसाठी, नगरपालिकेने स्थानकाजवळच्या वाटांवर खरोखरीची फाटके बसवली.

संध्याकाळही कधी कधी हातची जाते. प्लेगने १५७५ ते १५७७ या काळात सुमारे ५० हजार माणसे नेली. साथ ओसरल्यावर नवस फेडण्यासाठी जुदेक्का बेटावर वास्तुकार पाल्लादिओच्या आराखड्याने रेदेन्तोरे चर्च उभे राहिले. दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या रविवारी तेथे होड्यांच्या पुलावरून जायचे आणि आदल्या रात्री कुटुंबासह होडीत जेवत आतषबाजी पाहायची, ही व्हेनिसकरांची अगदी घरची परंपरा. १५ जुलै १९८९ रोजी नेमक्या त्याच रात्री सान मार्कोसमोर पाण्यावर तराफा बांधून पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. सुमारे दोन लाख लोक आले. पुरेशी शौचालये नव्हती, कचऱ्याची व्यवस्था नव्हती. दुसऱ्या दिवशी चौकाची जी दशा होती तिच्यावरून वादळ उठले आणि नगरशासन गडगडले.

त्या प्रसंगानंतर गर्दी म्हणजे शत्रू हे समीकरण पक्के झाले. पण आकडे वेगळी गोष्ट सांगतात. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे १ लाख ७५ हजार माणसे राहत होती. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले आणि तळमजल्यांवरची हजारो बिऱ्हाडे राहण्यायोग्य राहिली नाहीत. महागाई, नोकऱ्यांचा अभाव आणि घरांची पर्यटकांसाठी होत गेलेली रूपांतरे यांनी उरलेले काम केले. मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत घर स्वस्त, मोटार दारात. २००८ मध्ये रिआल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत शहराच्या लोकसंख्येचा विद्युत्फलक लागला. पुढच्या वर्षी आकडा ६० हजारांच्या खाली गेला तेव्हा नागरिकांनी मोठ्या कालव्यातून गोंडोलावर शवपेटी नेऊन शहराची लुटुपुटूची अंत्ययात्रा काढली. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ५० हजारांच्या खाली आला. २०२३ मध्ये नागरिक-गटांनी मोजले, तर पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांहून अधिक भरल्या.

आता ती शांत संध्याकाळ पुन्हा पाहावी. दिवे लागल्यावर मागच्या गल्लीत आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो, पाण्यावर खिडक्यांची प्रतिबिंबे नसतात. प्रवाशाला हा एकांत वाटतो. वर पाहिले तर कळते की खिडक्यांच्या झडपा बंद आहेत, कारण आत कोणी राहत नाही. फ्रेस्कोच्या काळी याच वेळी कालवा होड्यांनी भरून जाई आणि त्याला कोणी गर्दी म्हणत नसे.

वस्ती अगदी संपलेली नाही. घेट्टोपासून थोड्याच अंतरावर मिझेरिकोर्दियाच्या कालव्याकाठी संध्याकाळी छोट्या मद्यगृहांपुढे, ‘बाकारों’पुढे, माणसे उभ्यानेच पेला हातात घेऊन बोलत असतात. वाइनच्या लहान पेल्याला तेथे ‘ओंब्रा’, म्हणजे सावली, म्हणतात. सान मार्कोच्या घंटामनोऱ्याच्या सावलीबरोबर सरकणाऱ्या वाइनविक्यांवरून हे नाव पडले, असे सांगतात. सोबत पावावर वाळवलेल्या कॉड माशाचा लगदा किंवा अर्धे उकडलेले अंडे. एकेकाळी याच परिसरात अंधार पडताच वेशी बंद होत होत्या. पूर्वेकडे कास्तेल्लोच्या गारिबाल्दी रस्त्यावर आजही आजीबाई बाकावर बसतात आणि मुले चेंडू खेळतात. तेथे जाणाऱ्या पाहुण्याने आवाज जरा खाली ठेवला तर बरे, कारण ती जागा कोणाचे तरी अंगण आहे.

प्रवेशशुल्क खाडीतल्या लहान बेटांना लागूच केले नव्हते, दिवसाही नाही. लिदोहून ११ क्रमांकाची बस मालामोक्कोवरून दक्षिणेकडे जाते, टोकाला मोटारनौकेवर चढते आणि पलीकडे पेल्लेस्त्रिनाला उतरते. समुद्र आणि खाडी यांच्यामधली जमिनीची ती चिंचोळी पट्टी, त्या वृद्ध सेवकाने गटेला सांगितलेली. तेथील लोक अजूनही मासेमारी करतात. संध्याकाळी खाडीच्या बाजूला एका ओळीत रंगीत घरे, दारापुढे वाळत घातलेली जाळी आणि काठाला बांधलेल्या होड्या दिसतात.